पाइपवरची छापील ओळ

स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी एका मित्राच्या घराच्या साइटवर गेलो होतो. सळयांच्या जाळीतून वायरींसाठीचे पांढरे पीव्हीसी पाइप वळणं घेत गेले होते आणि इलेक्ट्रिशियन उकिडवा बसून शेवटचा फॅनबॉक्स बांधणीच्या तारेने आवळत होता. मित्राने विचारलं, "लाइट टाकलाय की मीडियम?"

"मीडियमच आहे साहेब. लाइट असता तर उद्या घमेली घेऊन वीस माणसं नाचली की चपटा. मग वायर जाईना की शिव्या मला."

दुकानात लाइट, मीडियम, हेवी हे शब्द भावाच्या पायऱ्यांसारखे वापरले जातात, पण त्यामागे प्रयोगशाळेतला एक साधा आणि निर्दय प्रयोग आहे. पाइपचा वीतभर तुकडा घेऊन त्यावर पोलादी ठोकळा ठेवायचा आणि तो दाबायचा. लाइटसाठी ३२० न्यूटन, मीडियमला ७५०, हेवीला १२५०. किलोच्या भाषेत साधारण ३३, ७६ आणि १२७. एवढ्या वजनाखाली मिनिटभर राहूनही पाइपचा व्यास पावपटीहून जास्त दबता कामा नये. वजन काढल्यावर मिनिटभराने पाहिलं तर दबलेपण दहा टक्क्यांच्या आत यायला हवं. म्हणजे नुसतं न तुटणं पुरत नाही, पाइपला पुन्हा गोल होता आलं पाहिजे. दुसरा प्रयोग हातोड्याचा. पाइपचे बारा तुकडे उणे ५ अंशांपर्यंत गार करायचे, कारण थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होतं, आणि प्रत्येकावर ठरलेल्या उंचीवरून वजन सोडायचं. मीडियमसाठी २ किलो, १० सेंटिमीटरवरून. बारातले नऊ शाबूत राहिले की पास. तीन फुटले तरी चालतात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही चमकलो होतो.

हे सगळं त्या पाइपवरच्या बारीक छापील ओळीत दडलेलं असतं. आयएसआय चिन्हाच्या वर 'आयएस ९५३७' हा मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. आयएसआय ही संस्था १९४७ची. १९८७ मध्ये तिची जागा भारतीय मानक ब्युरोने घेतली, पण चिन्हाचं नाव लोकांच्या तोंडी तेच राहिलं. नुसतं चिन्ह कुणीही छापू शकतो. खालचा क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, कशासाठी आणि चालू आहे की नाही ते कळतं. मित्राने तिथेच उभ्याउभ्या टाकून पाहिला. इलेक्ट्रिशियनला ते फारसं आवडलं नाही.

आगीची परीक्षा वेगळी. पाइपला एक किलोवॉटच्या बर्नरची ज्योत लावतात आणि काढून घेतात. त्यानंतर तीस सेकंदांत तो आपोआप विझला पाहिजे. पीव्हीसीला हे सहज जमतं, कारण त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरिन आहे. तापल्यावर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ज्योत ज्या चंचल कणांच्या साखळीवर जगते, ती साखळीच तो तोडतो. पॉलिथिलीनचं तसं नाही. रेणूंच्या रचनेने ते मेणाचं भावंड, त्यामुळे मेणबत्तीसारखं टपटपत जळतं. रस्त्याकडेला वेटोळी करून ठेवलेले नारिंगी पाइप बहुधा याच जातीचे. जमिनीखाली ते उत्तम, घराच्या भिंतीवर नकोत. पाइपांच्या ६१३८६ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकात तर आग पसरवणारा पाइप नारिंगीच असावा, आणि तो रंग वरून फासलेला नसावा, असं कलम आहे.

पण पीव्हीसीच्या या गुणातच खोट आहे. तोच हायड्रोजन क्लोराइड डोळ्यांतल्या आणि घशातल्या ओलाव्याला भेटला की त्याचं आम्ल होतं. धुरात कोंडलेल्या माणसाला पीव्हीसीच्या आवरणाची केबल विझली याचं काय सुख? म्हणून मेट्रो, इस्पितळं अशा ठिकाणी हॅलोजनविरहित, म्हणजे क्लोरिन आणि त्याची भावंडं नसलेली केबल मागतात. तिच्या आवरणात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड मिसळलेलं असतं. ते तापलं की पाण्याची वाफ सोडतं आणि आग थंड करतं. हिच्या धुराची परीक्षा तीन मीटर लांबी, रुंदी, उंचीच्या बंद खोलीत होते. आत केबल जाळायची आणि पलीकडे किती प्रकाश पोचतो ते मोजायचं. म्हणजे 'आग पसरवत नाही' आणि 'धूर कमी करते' हे दोन निराळे दाखले झाले. एकावरून दुसरा गृहीत धरता येत नाही.

विजेच्या बॉक्सवर धूळ-पाण्यापासूनच्या बचावासाठी छापलेल्या आयपी क्रमांकांचंही तसंच. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ म्हणजे ६५हून वरचढ असं वाटतं, पण ७ची परीक्षा मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवण्याची आणि ५ची पाण्याचा फवारा मारण्याची. बुडून तग धरलेला जंक्शन बॉक्स, म्हणजे वायरींचे जोड ठेवायचा डबा, फवाऱ्यातही टिकेलच असं नाही. दोन्ही हवं असेल तर दोन्ही क्रमांक छापलेले बघावेत.

आणि इतकं करूनही एक जागा उरते जिला शिक्का नसतो: भोक. केबल भिंतीतून पलीकडे जाते तिथलं. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात कामगार अशाच भोकाची फट बुजवत होते. हवा कुठून गळते हे पाहायला त्यांनी मेणबत्ती धरली. भिंतीपलीकडे अणुभट्टीच्या इमारतीत हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला, त्यामुळे ज्योत आत ओढली गेली आणि फट भरायला वापरलेल्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला. आग सुमारे सात तास चालली. विजेच्या केबलवर पाणी मारायचं की नाही यातच बराच वेळ गेला. शेवटी पाणी मारलं तेव्हा ती थोड्या वेळात विझली. तोवर १,६००हून जास्त केबल होरपळल्या होत्या आणि दोन चालू भट्ट्यांच्या सुरक्षा यंत्रणांतल्या केबलही त्यांत होत्या. किरणोत्सार बाहेर पडला नाही.

या आगीनंतर तिथल्या अणुनियामक आयोगाने १९८० मध्ये केबलसाठी नवे नियम केले. एकमेकींना पर्यायी असलेल्या केबलींमध्ये तीन तास आग झेलणारी भिंत हवी. ती नसेल तर निदान वीस फुटांचं अंतर, सोबत आग ओळखणारी आणि विझवणारी यंत्रणा. भोक बुजवणाऱ्या मालाची परीक्षाही अख्ख्या जोडणीची होऊ लागली. भिंतीचा तुकडा, त्यातली केबल आणि भोवतीचा भराव असं सगळं एकत्र भट्टीवर चढवायचं आणि जळून झाल्यावर वर बंबाच्या पाण्याचा झोत मारायचा. भराव निखळला तर नापास.

हे सगळं डोक्यात असताना परवा आमच्या सोसायटीचा इलेक्ट्रिक डक्ट उघडला. मजल्यामजल्यावर तो आगरोधक मालाने बंद असावा असं नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो. आमच्याकडे तो तसा होताही, इंटरनेटची नवी केबल टाकणाऱ्यांनी भोक पाडेपर्यंत. ते भोक पिवळट फोमने भरलं होतं. वॉचमनला विचारलं, फोमचा डबा कुठाय, त्यावर काय लिहिलंय बघू.

"तो काय कचऱ्यात गेला, सर. पण भोक मस्त बुजलंय, आता झुरळं येत नाहीत."