सांता क्रूथच्या मार्केसचा प्रासाद, बिसो देल मार्केस

सांता क्रूथच्या मार्केसचा (‘मार्केस’ हा स्पेनमधील उमरावी किताब) प्रासाद हा सोळाव्या शतकातील उमरावी वाडा स्पेनच्या सिउदाद रेआल प्रांतात, सिएरा मोरेना पर्वतरांगेच्या उत्तर पायथ्याशी, बिसो देल मार्केस या दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात आहे. गावाच्या नावातील ‘बिसो’ या शब्दाचा अर्थ दूरवरचा मुलूख नजरेत येईल असे उंचवट्याचे ठिकाण असा होतो. ‘मार्केसचे’ हे विशेषण मागाहून, ज्या घराण्याने वाडा बांधला त्याच्यामुळे, जोडले गेले. त्यापूर्वी जवळच्या मुरादाल खिंडीवरून गाव ओळखले जाई.

हे गाव मूळचे कालात्राव्हा या लष्करी धर्मसंघाच्या ताब्यातील होते. सम्राट पाचव्या चार्ल्सने खजिन्यासाठी धर्मसंघांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३८-३९ च्या सुमारास थोरल्या आल्व्हारो दे बाथानने ते विकत घेतले. त्याचाच मुलगा दुसरा आल्व्हारो दे बाथान (१५२६–८८) हा वाड्याचा निर्माता होय. स्पेनचा राजा दुसरा फेलिपे याने त्याला १५६९ मध्ये सांता क्रूथचा मार्केस केले. तुर्की आरमाराविरुद्धच्या लेपांतोच्या लढाईत (१५७१) राखीव तुकडीचे नेतृत्व त्याच्याकडे होते आणि इंग्लंडवर धाडायच्या आरमाराची तयारी चालू असताना लिस्बन येथे त्याचे निधन झाले. अशा दर्यावर्दी सेनानीने समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत घर का बांधले, याचे उत्तर सामान्यतः भूगोलातून दिले जाते. माद्रिदचा दरबार आणि अंदालुसियाची बंदरे यांना जोडणारी वाट येथून जवळच सिएरा मोरेना ओलांडते. स्थानिक यमकी म्हण मात्र एवढा विचार करत नाही. ‘मार्केसने बिसोत वाडा बांधला, कारण त्याला ते जमले आणि तसे त्याच्या मनात आले’, असा तिचा आशय असून मुळात ‘बिसो’ आणि ‘कीसो’ (मनात आले) यांचे यमक साधलेले आहे.

वाड्याचा आराखडा कोणाचा, हा प्रश्न मात्र अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही. परंपरेने त्याचे श्रेय जोव्हान्नी बात्तिस्ता कास्तेल्लो या इटालियन वास्तुकार-चित्रकाराला देतात. बेर्गामो परिसरातील असल्याने तो ‘बेर्गामास्को’ म्हणून ओळखला जाई. याच नावाच्या, जेनोआत लघुचित्रे काढणाऱ्या धाकट्या कलावंताशी त्याची गल्लत होऊ नये. जेनोआतील निकोलोझिओ लोमेल्लिनोच्या प्रासादाशी त्याचे नाव निगडित आहे. बिसोच्या बांधकामाची सुरुवात बहुधा १५६४ ची धरली जाते, तर कास्तेल्लो स्पेनच्या राजाच्या सेवेत १५६७ च्या आगेमागे दिसतो आणि १५६९ मध्ये माद्रिदला मरण पावतो. म्हणजे त्याने आराखडा दिला असे मानले, तरी प्रत्यक्ष बांधकामाचा मोठा भाग त्याच्या पश्चात झाला असला पाहिजे. म्हणून काही अभ्यासक एन्रिके एगास (धाकटा) याच्यासारख्या स्पॅनिश गवंडीप्रमुखांचा वाटा अधिक मानतात. एकाच हाताचे काम शोधण्यापेक्षा इटालियन आराखडा आणि स्थानिक अंमलबजावणी असे समजणे पुराव्याला अधिक धरून वाटते. जेनोआत आंद्रेआ दोरिया या आरमारप्रमुखाने समुद्रदेवांच्या चित्रांनी सजवलेला प्रासाद आधीच उभारला होता आणि बाथान घराण्याचा जेनोआशी संबंध होता, ही गोष्टही इटालियन मुळाकडे बोट दाखवते.

वास्तू चौरस असून मध्यभागी दुमजली कमानींचा चौक आहे. चौकातून वर जाणारा भव्य जिना ‘इम्पीरियल’ म्हणजे दुभंगणाऱ्या सोपानांच्या प्रकारातील स्पेनमधील आरंभीच्या उदाहरणांत गणला जातो. माद्रिदजवळील एस्कोरियाल या राजमठाच्या मुख्य जिन्याची कल्पनाही जुने लेखक कास्तेल्लोचीच मानत, परंतु आधुनिक संशोधक हे श्रेय देताना सावध असतात. जिन्याशी मार्केसचे युद्धदेव मार्स आणि समुद्रदेव नेपच्यून यांच्या रूपातील दोन पुतळे आहेत. जमिनीवरील आणि समुद्रावरील युद्ध असा त्यांचा सरळ अर्थ लावता येतो.

वाड्याची खरी ख्याती त्याच्या भित्तिचित्रांमुळे आहे. छते आणि भिंती मिळून त्यांचे क्षेत्र सु. ८,००० चौ. मी. असल्याचे सांगितले जाते. पेरोली कुटुंबातील चित्रकार आणि चेझारे आर्बाझिया यांची नावे या कामाशी जोडली जातात. पौराणिक प्रसंग, रोमन इतिहास, घराण्याची वंशावळ, बंदरांची दृश्ये आणि बाथानच्या मोहिमा असे विषय एकाच इमारतीत येतात. यांतील अटलांटिक महासागरातील अझोरेस बेटांच्या मोहिमेची चित्रे १५८२-८३ नंतरचीच असणार, हा कालनिश्चितीचा एक भक्कम आधार आहे. १५८० मध्ये पोर्तुगालचे राज्य आणि त्याबरोबर गोवाही फेलिपेकडे आला, पण अझोरेसपैकी तेर्सेइरा बेटाने त्याला मान्यता दिली नव्हती. गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजे याच बेटांवर थांबत, त्यामुळे बाथानच्या त्या विजयाचे महत्त्व थेट मलबार आणि कोकण किनाऱ्याच्या व्यापारापर्यंत पोहोचत होते. एस्कोरियालच्या ‘लढायांच्या दालना’तही हीच मोहीम रंगवलेली आहे आणि तेथील चित्रकारांत कास्तेल्लोचा मुलगा फाब्रित्सिओ होता.

पुढील दोन शतकांत वाड्याची हानी झाली. १७५५ च्या लिस्बन भूकंपात कोपऱ्यांवरील मनोऱ्यांचे वरचे भाग कोसळले आणि मुख्य दालनाचे छतही पडले, असे सांगतात. त्या छतावर लेपांतोची लढाई होती असे परंपरा मानते. १९३१ मध्ये वाडा राष्ट्रीय स्मारक घोषित झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास घराण्याने तो नाममात्र भाड्याने स्पॅनिश नौदलाच्या हवाली केला. नौदल संग्रहालयाचा संचालक हुलिओ गिल्येन याच्या पुढाकाराने तेथे आरमाराचे दप्तरखाने आले, आणि ‘आल्व्हारो दे बाथान’ या नावाचा नौदलाचा मुख्य अभिलेखागार आज तेथेच आहे. त्यात प्रामुख्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची कागदपत्रे, अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी आणि जहाजांच्या जप्तीचे खटले आहेत.

शेजारच्या आसुन्सिओन चर्चमध्ये एक पेंढा भरलेली मगर टांगलेली असून, ती मार्केसने नवस म्हणून अर्पण केली अशी गावची समजूत आहे.