पिकअपची पुढची उंची आणि शॉकअपचे काम

दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील द्राक्षबागांकडे जाणाऱ्या काळ्या मातीच्या वाटांवर पावसाळ्यात खोल चाकोऱ्या पडतात आणि पिकअप पुढून थोडी उंच करून घ्यावी, असे तिच्या मालकाला वाटणे स्वाभाविक आहे. ‘शॉकअप बदलून गाडी उचलली’ असे आपण सहज म्हणतो; पण गाडीचा भार शॉकअप पेलत नाही, तो स्प्रिंग पेलते. शॉकअपमधील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि स्प्रिंगच्या हेलकाव्यांतील ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो.

इसुझू डी-मॅक्स किंवा टोयोटा हायलक्स यांसारख्या गाड्यांत पुढची स्प्रिंग शॉकअपभोवतीच बसवलेली असते. उंची वाढवण्यासाठी मिळणाऱ्या शॉकअपच्या नळकांड्यावर खाचा किंवा आटे असतात आणि त्यांच्या आधारे स्प्रिंगची खालची बैठक वर सरकवता येते. शॉकअप खालच्या आर्मला (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याला) चाकापेक्षा बराच आत जोडलेला असल्यामुळे बैठक जेवढी सरकते, त्याहून चाकापाशी मिळणारी उंची अधिक असते. बसवताना जास्त दाबल्याने स्प्रिंग कडक होते, हा समज मात्र चुकीचा आहे. गाडीचे वजन तेच असल्यामुळे उभ्या गाडीखाली स्प्रिंग जवळजवळ पूर्वीइतकीच दबलेली राहते. बदलते ती केवळ उंची.

या उंचीचा मोबदला द्यावा लागतो. चाकाच्या वर-खाली हालचालीची एकूण मर्यादा ठरलेली असल्याने गाडी जेवढी वर जाते, तेवढी खड्ड्यात चाक खाली उतरण्याची जागा कमी होते. आर्म आणि चाक यांना जोडणारे गोल सांधे, म्हणजे बॉल जॉइंट, तिरके राहून लवकर झिजतात, वळणावर उलटण्याचा धोका वाढतो आणि चाकांचे कोन बदलल्यामुळे अलाइनमेंट करावेच लागते.

माझ्या मते नाशिककरांनी सर्वाधिक विचार करावा तो मागच्या पाट्यांचा, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा. रिकामी पिकअप पुढे झुकलेली दिसते, कारण मागचे पाटे मालाचे वजन गृहीत धरून उंच ठेवलेले असतात. रिकाम्या गाडीची पुढची बाजू मागच्या बरोबरीने आणली आणि मग लासलगावला कांदा किंवा पिंपळगाव बसवंतला टोमॅटो भरून निघालो, तर मागची बाजू दबते, पुढची वर तोंड करते आणि रात्री हेडलाइटचा झोत थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. म्हणून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर रिकाम्या आणि भरलेल्या, अशा दोन्ही स्थितींत मोजूनच उंची ठरवावी. स्प्रिंग बदलण्याचे काम स्प्रिंग दाबून धरणारा योग्य कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्येच करून घ्यावे. दाबलेली स्प्रिंग निसटली, तर तिच्यात साठलेली ऊर्जा माणसाचा जीव घेऊ शकते.