फॅक्टरी लाइटवेट म्हणजे नक्की कुठल्या फॅक्टरीची?

फॅक्टरी लाइटवेट म्हणजे ड्रॅग रेसिंगसाठी, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीसाठी, कंपनीनेच वजन उतरवून विकलेली गाडी. 1957 ला अमेरिकन कार कंपन्यांनी आपसात ठरवून रेसिंग सोडलं, पण ते कागदावरच, थोड्याच वर्षांत सगळे मागच्या दाराने परत आले. 1963 च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने मात्र खरंच हात काढून घेतला, म्हणून तर त्यांची अशीच हलकी केलेली शेव्रोले, झेड-11 इम्पाला, फक्त 57 गाड्यांवर अडकली.

मैदान मोकळं झालं आणि 1964 ला फोर्डची थंडरबोल्ट आली. साधी मिडसाइझ फेअरलेन, तिच्यात 427 क्यूबिक इंचाचं म्हणजे सात लिटरचं इंजिन कोंबलेलं. आतल्या दोन हेडलाइटच्या जागी जाळी बसवून तिथून हवा थेट कार्ब्युरेटरला, फेंडर आणि बॉनेट फायबरग्लासचे, रेडिओ नाही, हीटर नाही, शेजारच्या सीटसमोरचा वायपरसुद्धा काढलेला! एवढी काटकसर करून बॅटरी मात्र मुद्दाम जड, आणि ती डिकीत, म्हणजे मागची चाकं दाबून बसतात.

बनल्या 100 च्या आसपास. आता वाद असा की बॉडी कंपनीच्या लाइनवरची, पण बाकी काम डिअरबॉर्नमधल्या एका बाहेरच्या वर्कशॉपचं, मग हिला 'फॅक्टरी-बिल्ट' म्हणायचं का? काही लोक अजून नाही म्हणतात. मला ते पटत नाही, डीलरकडे ऑर्डर देऊन बिल फाडून मिळत होती ना, मग झालं. आणि गंमत बघा, 1968 च्या क्रायसलरच्या हेमी इंजिनवाल्या डार्ट न् बॅराकुडा पण बाहेरच्याच कंपनीने जोडल्या, दारं ॲसिडमध्ये बुडवून पातळ केलेली, काच वर करायला हँडलऐवजी पट्टा, वॉरंटी नाही, वर 'सार्वजनिक रस्त्यासाठी नाही' असा स्टिकर, तरी त्यांच्यावर कोणी बोट ठेवत नाही.

मधल्या 1965 च्या क्रायसलरवाल्या गाड्यांची गोष्टच वेगळी. मागचा ॲक्सल 15 इंच आणि पुढचा 10 इंच पुढे सरकवलेला, त्या दिसायच्याच विचित्र, 'फनी कार' हे नाव तिथूनच चिकटलं. त्यांना स्टॉक, म्हणजे शोरूममधून आली तशी गाडी, म्हणणं जरा जास्तच होतं.

आता ओरिजिनल कमी आणि कॉपी जास्त, त्यामुळे कागदपत्रं नसतील तर जाणकार विश्वासच ठेवत नाहीत. कंपन्यांनाही जुनं नाव विकता येतं हे कळलंय, 2008 ला फोर्डने 50 कोब्रा जेट मस्टँग काढल्या, 2012 ला शेव्रोलेने 69 कोपो (म्हणजे खास ऑर्डरवरच्या) कॅमारो, कारण 1969 च्या झेडएल-1 कॅमारो पण 69 च होत्या. आणि या कोपो पण नेहमीच्या लाइनवर नाही, वेगळ्या जागी हाताने जोडलेल्या.