बहुलेखकी कथासंच (बॉक्स सेट), वाचकाच्या बाजूनं

बहुलेखकी कथासंच म्हणजे वेगवेगळ्या लेखकांच्या कादंबऱ्या किंवा दीर्घकथा एका नावाखाली, एका किमतीत बांधून विकलेला संच. बोलताना सगळे बॉक्स सेटच म्हणतात. कागदी असला तर पुठ्ठ्याच्या खोक्यात चार-सहा पुस्तकं येतात, आणि ई-बुक असलं तर खोका फक्त कव्हरवरच्या चित्रात असतो, आत एकच लांबलचक फाईल आणि तिच्यात दहा-वीस लेखकांच्या अख्ख्या कादंबऱ्या एकापाठोपाठ एक लावलेल्या. कथासंग्रहात छोट्या कथा असतात, इथं बहुतेक वेळा पूर्ण कादंबरी असते, हा मोठा फरक. एकाच लेखकाच्या मालिकेचा संच घेताना आपण काय घेतोय हे माहीत असतं, इथं तसं नसतं. दोन नावं ओळखीची, बाकी कोण कुठले काही पत्ता नाही, आणि या संचांची सगळी मजा आणि सगळी अडचण त्या बाकीच्या नावांतच आहे.

वाचकानं एक गोष्ट धरून ठेवावी असं मला मनापासून वाटतं, की संच कुणी बांधला आणि कशासाठी बांधला हे आधी बघायचं, कव्हरवरची नावं नंतर. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी वाचकाला हे नव्यानं शिकवावं लागत नाही, कारण दिवाळी अंक घेताना तो वर्षानुवर्षं हेच करत आलाय.

आधीचे संच

अनेक लेखक एकत्र बांधायची कल्पना ई-बुकच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेत १९०९ साली हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी निवडलेला ५० खंडांचा हार्वर्ड क्लासिक्स नावाचा संच बाजारात आला. एलियट म्हणायचे की पाच फुटाच्या फळीवर मावतील एवढी पुस्तकं नीट वाचली तर माणूस बराच शिकेल. मग १९१७ मध्ये त्याच मालिकेत खास कथाकादंबऱ्यांचा २० खंडांचा संच निघाला. योगायोग बघा, १९०९ सालीच काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि तो मराठीतला पहिला दिवाळी अंक मानला जातो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, खरं वाचकाला दोन्हीकडं मिळालं तेच, कुणीतरी जाणत्या माणसानं निवडलेले अनेक लेखक एका ठिकाणी.

पुढं १९५० पासून रीडर्स डायजेस्टनं कादंबऱ्या कापून-छाटून एकेका जाड खंडात तीन-चार बसवायला सुरुवात केली. ते खंड भारतभर रद्दीच्या आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरत आलेत, आणि इंग्रजी वाचायची सवय लागायला अनेकांना त्यांचा उपयोग झाला. मात्र त्यात मूळ कादंबरी पूर्ण नसते, म्हणून एखादी आवडली तर अख्खी शोधून वाचलेली बरी.

ई-बुकचे संच कसे बनतात

किंडल हे अॅमेझॉनचं ई-बुक वाचायचं यंत्र अमेरिकेत २००७ च्या नोव्हेंबरमध्ये आलं आणि लेखकांना स्वतःच पुस्तक काढून विकता यायला लागलं. त्यानंतर काही वर्षांत ९९ सेंटला वीस कादंबऱ्या असे संच दिसायला लागले, जास्त करून प्रेमकथा, रहस्यकथा, भुताखेतांच्या नाहीतर माणसाचा लांडगा होणाऱ्या प्रेमकथा, ख्रिसमसच्या कथा असे. वाचकाला पहिला प्रश्न हाच पडतो की एवढं स्वस्त परवडतं कसं. तर परवडत नाही. अॅमेझॉनच्या नियमात २.९९ डॉलरच्या खाली किंमत ठेवली की लेखकाच्या बाजूला ३५ टक्केच मिळतात, म्हणजे ९९ सेंटमधले साधारण ३५ सेंट, ते वीस जणांत वाटले तर प्रत्येकाच्या हातात पावणेदोन सेंटसुद्धा पुरते पडत नाहीत. मग ते हे करतात कशाला? एक कारण म्हणजे नवे वाचक. प्रत्येक लेखक आपल्या ईमेल यादीतल्या वाचकांना संच घ्यायला सांगतो, त्यामुळं वीस जणांचे वाचक एकमेकांत मिसळतात. दुसरं कारण बेस्टसेलर यादी. यूएसए टुडे या वर्तमानपत्राची १५० पुस्तकांची साप्ताहिक यादी किती प्रती खपल्या यावर ठरायची, आणि ९९ सेंटची प्रतही तिथं महागड्या हार्डकव्हरएवढीच एक प्रत म्हणून मोजली जायची. संच यादीत आला की वीसही लेखकांना नावापुढं बेस्टसेलर लिहायला मिळायचं. म्हणून कित्येक संचांत लेखक स्वतः पैसे भरून सामील होतात आणि ते पैसे जाहिरातीवर जातात.

याचा अर्थ असे संच वाईट असतात असं मुळीच नाही. अर्थ एवढाच की लेखकाच्या बाजूनं तो संच ही जाहिरात आहे, त्यामुळं त्यात बहुतेक वेळा मालिकेचं पहिलंच पुस्तक दिलेलं असतं. पहिलं पुस्तक नीट संपत असेल तर वाचकाचा फायदाच आहे, फुकटात नवा लेखक हाताला लागला. ऐन रंगात कथा तोडून पुढचा भाग विकत घ्या म्हणून लिंक दिली असेल तर मात्र राग येतो, आणि तो राग रास्त आहे, वाचकानं दिलेला वेळ त्या ९९ सेंटपेक्षा फार मोठा असतो.

किंडल अनलिमिटेड ही दरमहा वर्गणीची योजना अमेरिकेत २०१४ ला आणि भारतात २०१५ ला सुरू झाली. तिच्यात २०१५ च्या जुलैपासून लेखकाला वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात. साहजिकच जाड संच काढायचा मोह वाढला, पान वाढवण्यासाठी काहीबाही भरलेले संच आले, म्हणून एका वाचकामागं एका पुस्तकाची ३,००० पानांपर्यंतच मोजणी अशी मर्यादा घालावी लागली. वाचकानं एवढं लक्षात ठेवावं की जाडी म्हणजे माल नव्हे. अनुक्रमणिका उघडून बघायची, आत खरंच कादंबऱ्या आहेत की नमुन्याची प्रकरणं आणि जाहिराती.

बेळगाव भागातली गोष्ट

इथं बहुलेखकी संच म्हटलं की आधी दिवाळी अंकच डोळ्यांपुढं येतात, आणि ते बरोबरच आहे. एकेक अंक हाच मुळात बहुलेखकी, आणि त्यात परत लोक अंकांचा सेट घेतात. रहस्यकथा पाहिजे तर 'धनंजय', अद्भुत काही पाहिजे तर 'नवल', विनोदाला 'आवाज', अख्ख्या कादंबऱ्या वाचायच्या तर 'चंद्रकांत', असं घराघरात ठरलेलं असतं. अंक घेताना माणूस आधी संपादक कोण ते बघतो, मग अनुक्रमणिका चाळतो, नवीन नावं किती आहेत ते बघतो. ही सवय फार मोलाची आहे आणि ई-बुक संच निवडताना ती जशीच्या तशी वापरता येते.

एक नवीन दिवाळी अंक आता दोनशे-तीनशे रुपयांच्या पुढं गेलाय, दहा अंक घ्यायचे म्हटलं तर घरचा हिशोब कोलमडतो, म्हणून मराठी वाचनालयांची दिवाळी अंक योजना हाच बहुतेकांचा खरा संच. ठराविक रक्कम भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून बदलून न्यायचे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे, शहापुरात सरस्वती वाचनालय आहे, आणि अशा वाचनालयांमुळं महाराष्ट्राच्या बाहेर राहूनही इथला वाचक मराठीतल्या नव्या लेखनापासून तुटला नाही. बेळगावचा 'तरुण भारत' १९१९ सालचा, बाबूराव ठाकुरांनी काढलेला, त्याचाही दिवाळी अंक निघतो आणि त्यात इथल्या लिहिणाऱ्यांना जागा मिळते.

खेड्यातल्या वाचकाची गोष्ट जरा वेगळी. गावात पुस्तकाचं दुकान नसतं. त्याला पुस्तकं भेटतात ती कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांत भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनांत. सकाळी ग्रंथदिंडी, दिवसभर भाषणं आणि कविसंमेलन, आणि मंडपाच्या कडेला पुस्तकांचे स्टॉल. तिथं सवलतीतले संच चांगले खपतात, कारण परत पुस्तकं बघायला मिळणार पुढच्या वर्षी नाहीतर शहरात गेल्यावर. एका पिशवीत चार लेखक घरी जातात. माझ्या मते संचाचा सगळ्यात चांगला उपयोग हाच आहे, जिथं दुकान जवळ नाही तिथं तो छोटं दुकान म्हणूनच काम करतो. फक्त स्टॉलवर एक बघून घ्यावं, संचात खपत नसलेली पुस्तकं चांगल्या एकदोन पुस्तकांना बांधून दिलेली असू शकतात, तेव्हा सुटी पुस्तकं घेतली तर किती पडतील ते विचारायला लाजू नये.

या भागातल्या लेखकांपर्यंत वाचक पोचला तोही बऱ्याच वेळा अशा एकत्र अंकांतूनच. जी. ए. कुलकर्णी चिकोडीकडच्या एकसंब्याचे, त्यांच्या कथा पुस्तकात यायच्या आधी मासिकांतून लोकांनी वाचल्या. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहायचे, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका, ड्रायव्हर, मेकॅनिक अशी माणसं त्यांच्या कथांत आली, आणि दिवाळी अंकात दुसऱ्याच कुणाचं नाव बघून अंक घेतलेल्या वाचकाला मधल्या पानांत मोरे भेटायचे. बहुलेखकी बांधणीचा हा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. शोधायला गेलो नव्हतो तो लेखक मिळतो.

सीमाभागात दोन भाषा वाचणारीही घरं पुष्कळ आहेत. कन्नडमध्ये 'प्रजावाणी'चा दीपावली विशेषांक निघतो, त्याची कथास्पर्धा नावाजलेली आहे, आणि ज्याला दोन्ही लिप्या येतात त्याच्यासमोर दिवाळीत दोन भाषांतल्या कथा असतात. कॉलेजातली पोरं मोबाईलवर इंग्रजी संच वाचतात, त्यांची आई वाचनालयातला अंक वाचते. मराठी ई-बुकं किंडलवर २०१६ च्या शेवटाला आली, त्यामुळं बाहेरगावी नोकरीला गेलेल्यांना मराठी कादंबरी फोनवर मिळायला लागली, खरं वीस लेखकांचा स्वस्त संच हा प्रकार मराठीत इंग्रजीसारखा रुजलेला दिसत नाही. मला वाटतं ती भूक दिवाळी अंक भागवतात.

वाचायची पद्धत

संच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ओळीनं वाचायचा असं कुठं लिहिलेलं नाही. बांधणाऱ्यानं सगळ्यात मोठं नाव पुढं नाहीतर अगदी शेवटी ठेवलेलं असतं, मधल्या नावांकडं दुर्लक्ष होतं, म्हणून मधूनच सुरू करून बघावं. तीस-चाळीस पानांत जीव रमला नाही तर सोडून पुढच्या लेखकाकडं जावं, त्यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, वीसपैकी तीन लेखक आवडले तर संच वसूल झाला. एकाच प्रकारच्या पाच कथा सलग वाचल्या की सगळ्या सारख्या वाटायला लागतात आणि सहाव्या चांगल्या लेखकावर अन्याय होतो, तेव्हा मध्ये दुसरं काहीतरी वाचावं. आणि आवडलेल्या लेखकाचं नाव लगेच लिहून ठेवावं, कारण फाईलला नाव संचाचं असतं आणि महिन्याभरानं कुठली कादंबरी कुणाची होती ते काही केल्या आठवत नाही.

ई-बुक संचात टक्के दाखवतात त्यावर जाऊ नये. पाच टक्के झाले म्हणजे कदाचित पहिली कादंबरी संपतच आली असते. प्रत्येक कादंबरीच्या मागं लेखकाची माहिती, पुढच्या पुस्तकाचं प्रकरण, ईमेल यादीची लिंक असते, त्यामुळं अजून बरंच बाकी आहे असं वाटत असतानाच कथा संपते आणि शेवटाची तयारीच झालेली नसते. अनुक्रमणिकेवरून जाणं चांगलं. अनुक्रमणिकेत लेखकांची नावं आणि चालणाऱ्या लिंका नसतील तर तो संच घाईनं बांधलाय असं खुशाल समजावं.

अडचणी

बहुलेखकी ई-संच बऱ्याच वेळा काही महिन्यांपुरतेच विकायला असतात, कारण लेखकांना आपली कादंबरी परत सुटी विकायची असते. विकत घेतलेला संच साधारणपणे आपल्या खात्यात राहतो, पण दुसऱ्याला सुचवायला गेलं तर तो दुकानात सापडत नाही. वर्गणीच्या योजनेतून घेतलेला मात्र वर्गणी संपली की जातो. एक कादंबरी पसंत पडली म्हणून शेजाऱ्याला वाचायला देता येत नाही, कागदी संचात ते सहज होतं.

कागदी संचाचं दुखणं वेगळं. खोक्यातलं एक पुस्तक कुणी नेलं आणि आणून दिलं नाही की संच मोडतो, आणि प्रकाशक सुटं पुस्तक त्याच कव्हरात देईलच असं नाही. एकत्र किमतीत घेतलेल्या संचातलं एखादं पुस्तक आधीच घरी असतं तेही नेहमीचं, तेव्हा ते वाचनालयाला द्यावं. वाचनालयांनीही संच सुटे करून विषयाप्रमाणं कपाटात लावले तर जास्त वाचले जातील, खोक्यात बंद ठेवलेले संच वाचक मागत नाहीत.