जुनी कॉमिक्स : संग्रह आणि प्रतवारी (मुंबई)

चित्रकथांचे जुने अंक मिळवणे, ते टिकवणे आणि प्रत्येक प्रतीची अवस्था पाहून तिची प्रतवारी ठरवणे असा हा छंद. मुंबईत त्याला चिकटून थोडी खरेदी-विक्रीही चालते. प्रतवारीची भाषा अमेरिकेतून आली, अंक मात्र बहुतेक इथले. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेचे ‘इंद्रजाल कॉमिक्स’ आणि इंडिया बुक हाउसची ‘अमर चित्र कथा’ ही मुंबईत निघालेली दोन प्रकाशने संग्राहकाच्या कपाटातली बरीचशी जागा अडवतात.

इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झाले. सुरुवातीचे ३२ अंक फक्त वेताळाचे, म्हणजे ‘फँटम’ या नायकाचे होते. मग मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आले आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर. मासिकाचे पाक्षिक, पाक्षिकाचे साप्ताहिक होत १९९० मध्ये ते बंद पडले, तोवर ८०३ अंक निघाले होते. १२३ आणि १२४ हे क्रमांक संपामुळे छापलेच गेले नाहीत. हे ठाऊक नसलेला नवखा संग्राहक त्या दोन अंकांसाठी वर्षभर फूटपाथ झिजवतो आणि जाणकार विक्रेते त्याला झिजवू देतात. अमर चित्र कथेचेही असेच. अनंत पै आधी टाइम्सच्याच पुस्तक विभागात होते. १९६७ मध्ये त्यांनी ही माला सुरू केली. पहिले १० क्रमांक परदेशी परीकथांना गेले आणि राम वाईरकर यांच्या चित्रांचा ‘कृष्ण’ क्रमांक ११ ठरला. त्यामुळे इथला ‘पूर्ण संच’ अकरापासून मोजला जातो.

प्रतवारीची अमेरिकी पट्टी ०.५ ते १० अशी आहे. २ म्हणजे ‘गुड’, ४ ‘व्हेरी गुड’, ६ ‘फाइन’, ८ ‘व्हेरी फाइन’ आणि ९.४ ‘निअर मिंट’. ‘गुड’ म्हणजे चांगली असे समजून पैसे मोजणारा फसतो, कारण या पट्टीवरची ‘गुड’ प्रत चांगलीच मळलेली असते. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची किंमत-पुस्तिका १९७० पासून निघते, तर २००० मध्ये सुरू झालेली सीजीसी ही कंपनी अंक तपासून, श्रेणीची चिठ्ठी लावून तो प्लास्टिकच्या कवचात बंद करते. सुपरमॅन ज्यात प्रथम आला त्या, १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची ९.० श्रेणीची प्रत २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरला गेली. मराठी इंद्रजालसाठी अशी सर्वमान्य पुस्तिका रुळलेली नाही. भाव समोरासमोर ठरतो आणि गिऱ्हाइकाचा चेहरा किती उजळला त्यावर तो वर-खाली होतो.

ही पट्टी मुंबईत जशीच्या तशी लागू करणे मला अन्यायाचे वाटते. इथले अंक कपाटात ठेवायला घेतलेले नव्हते. चाळीतल्या एका प्रतीवर सगळा मजला हात मारी. सर्क्युलेटिंग लायब्ररीत ती दिवसाच्या भाड्याने फिरे. सुट्टी संपली की दहा-बारा अंक बाइंडरकडे देऊन त्यांची जाड जिल्द करून घेतली जाई. बाइंडर कडा सारख्या करायला तिन्ही बाजूंनी कटिंग मारतो, त्यात मुखपृष्ठावरचा क्रमांक किंवा किंमत अर्धी उडते. अमेरिकी हिशेबात असली प्रत जवळजवळ बाद. पण बाइंडिंगमध्ये दाबून राहिलेल्या पानांचे रंग कधीकधी सुट्या अंकापेक्षा ताजे निघतात, आणि अनेक मराठी अंक आज जिल्दीतच सापडतात. म्हणून इथला पहिला प्रश्न ‘किती कोरी?’ हा नसून ‘पाने पुरी आहेत का?’ हा असतो.

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या किंवा फोर्टातल्या फूटपाथवर अंक तपासणाऱ्या माणसाचे हात बघावेत. मुखपृष्ठाकडे तो आधी बघतच नाही. अंक मधोमध उघडतो, कारण दोन पिनांवर शिवलेल्या अंकात सर्वांत आधी गळते ते मधले पान, आणि ते गळले की चार पृष्ठे जातात. मग पिना. त्यांच्याभोवती तांबूस डाग असेल तर तो बोट लावून बघतो. गंज कागदात उतरला असला की पान तिथे बिस्किटासारखे तुटते. त्यानंतर कणा, सेलोटेपची पिवळी पट्टी, कोडी पेनने सोडवलेली आहेत का, कूपन कापले आहे का. पहिल्या पानावर निळ्या शाईत नाव, इयत्ता आणि तुकडी असेल तर श्रेणी उतरते. काही संग्राहकांना मात्र नेमकी तीच प्रत हवी असते. लायब्ररीच्या शिक्क्याला सहसा अशी माया मिळत नाही.

अमर चित्र कथेत खरी डोकेदुखी पुनर्मुद्रणांची. तोच क्रमांक, तेच चित्र, पण छपाई वीस वर्षांनंतरची. अशा वेळी किंमत, मलपृष्ठावरची जाहिरात आणि प्रकाशकाचा पत्ता उपयोगी पडतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. तेव्हा पत्त्यात सहा आकडे असतील तर ती छपाई त्यानंतरचीच. इंग्रजी प्रतीत ‘बॉम्बे’ ऐवजी ‘मुंबई’ असेल तर ती बहुधा १९९५ नंतरची. मराठी प्रतीत ही खूण चालत नाही, तिथे पहिल्यापासून मुंबईच. रंगीत झेरॉक्स काढलेली मुखपृष्ठेही फिरतात. भिंगाखाली ऑफसेट छपाईचे ठिपके शिस्तीत मांडलेले दिसतात, नकलेत ते विस्कटलेले किंवा पुसट असतात.

जतनाच्या बाबतीत हे शहर वैरी आहे. स्वस्त छपाईच्या कागदात लिग्निन हे लाकडातले द्रव्य राहते, त्यामुळे तो उजेडाने आणि हवेने पिवळा होतो. दमट हवा पिना गंजवते, बुरशी आणते. उरलेले काम कसर आणि वाळवी करतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून तळमजल्यावर राहणारा शहाणा संग्राहक खालच्या फळीवर काही ठेवत नाही. आम्लमुक्त पुठ्ठा आणि पॉलिएस्टरची पिशवी हा योग्य उपाय. सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात, पण त्या ओल शोषून भरतात, म्हणून पावसाळ्यात बदलत राहाव्या लागतात. डांबराच्या गोळ्या घालू नयेत. त्यांचा वास कागदातून जाता जात नाही. साधी प्लास्टिक पिशवी घट्ट बंद करून जूनमध्ये ठेवलेला अंक सप्टेंबरात उघडला, की मुखपृष्ठावरच्या वेताळाच्या जांभळ्या पोशाखावर पांढरी बुरशी चढलेली असते.