ओल्ड स्पॉटेड डॉग : एका जुन्या मैदानाच्या डागडुजीमागचा इतिहास

पूर्व लंडनमधील फॉरेस्ट गेट या वस्तीत, अप्टन लेनवरील घरांच्या मागे, एक फुटबॉल मैदान दडलेले आहे. शेजारच्या जुन्या पबवरून त्याला ‘ओल्ड स्पॉटेड डॉग’ हे नाव पडले. लंडनमध्ये वरिष्ठ दर्जाचे फुटबॉल जेथे खेळले गेले, त्यांपैकी आज टिकून असलेले हे सर्वांत जुने मैदान मानले जाते. जुलै २०२० मध्ये क्लॅप्टन कम्युनिटी फुटबॉल क्लब या हौशी क्लबने ते विकत घेतले आणि वर्षानुवर्षे हेळसांड झालेली ही जागा पुन्हा खेळण्याजोगी करण्याचे काम अंगावर घेतले. अशा कामाची चर्चा बहुधा गवत, दिवे आणि खेळाडूंच्या खोल्या यांच्याभोवती फिरते. मात्र मैदान या अवस्थेला का पोचले हे समजून घ्यायचे असेल, तर आधी कागदपत्रेच उघडावी लागतात.

मूळ क्लॅप्टन फुटबॉल क्लब १८७८ चा. हॅकनी डाउन्सच्या मोकळ्या माळावर खेळणाऱ्या मंडळींनी तो काढला आणि १८८८ मध्ये तो स्पॉटेड डॉगच्या मैदानावर आला. फुटबॉलच्या इतिहासात हे वर्ष फार गजबजलेले आहे. इंग्लंडमध्ये बारा व्यावसायिक क्लबांनी फुटबॉल लीग सुरू केली ती याच वर्षी आणि आपल्याकडे सिमल्याला ड्युरँड चषकाची सुरुवात झाली तीही याच वर्षी. खेळाडूंना पैसे देण्यास इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने (एफए) १८८५ मध्येच मान्यता दिली होती, तरी क्लॅप्टनने हौशी राहणेच पसंत केले. ‘हौशी’ म्हणजे कच्चा असा अर्थ मात्र येथे घेता येणार नाही. १८९० च्या ईस्टरमध्ये हा संघ बेल्जियममधील अँटवर्प येथे जाऊन खेळला आणि युरोपच्या मुख्य भूमीवर खेळणारा पहिला इंग्लिश क्लब म्हणून त्याची नोंद झाली. १८९४ मध्ये सदर्न लीग आणि १९०५ मध्ये इस्थमियन लीग स्थापन झाली, तेव्हा दोन्हींच्या संस्थापक क्लबांत क्लॅप्टन होता. एफए हौशी चषक त्याने पाच वेळा जिंकला : १९०७, १९०९, १९१५, १९२४ आणि १९२५. १८९८ मध्ये एफए चषकाच्या सामन्यात टॉटनहॅम हॉटस्परचा संघ येथे आला, तेव्हा या चिंचोळ्या जागेत बारा हजार प्रेक्षक जमले होते.

१९०९ चा चषक जिंकणाऱ्या हंगामात संघात वॉल्टर टल हा तरुण होता. त्याचे वडील बार्बाडोसहून इंग्लंडला आलेले सुतार होते. आईवडील दोघेही लवकर गेल्याने तो बेथनल ग्रीनच्या अनाथाश्रमात वाढला. १९०८ मध्ये तो क्लॅप्टनकडून खेळू लागला आणि एका हंगामातच टॉटनहॅमने त्याला करारबद्ध केले. पुढे तो नॉर्थम्प्टनकडून खेळला, पहिल्या महायुद्धात मिडलसेक्स रेजिमेंटमध्ये अधिकारी झाला आणि मार्च १९१८ मध्ये फ्रान्समधील रणभूमीवर मारला गेला. ब्रिटिश सैन्याच्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांत त्याची गणना होते. या मैदानाला जे ऐतिहासिक मोल आहे, त्याचा मोठा वाटा या एका हंगामाचा आहे असे म्हणायला हरकत नाही.

त्यानंतरची उतरण संथ आणि लांबलचक होती. हौशी फुटबॉल लोकप्रिय नव्हते असे नाही; १९५१ मध्ये वेम्ब्ली येथे झालेल्या हौशी चषकाच्या अंतिम सामन्याला एक लाख प्रेक्षक होते. परंतु हौशी म्हणवणाऱ्या अनेक क्लबांत खेळाडूंना हळूच पाकिटे दिली जात आणि हे उघड गुपित होते. अखेर १९७४ मध्ये असोसिएशनने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच मोडीत काढला, त्याबरोबर हौशी चषकही संपला. ज्यांची सगळी प्रतिष्ठा त्या एका शब्दावर उभी होती, अशा जुन्या क्लबांच्या पायाखालची जमीन तेव्हा सरकली. क्लॅप्टन इस्थमियन लीगमध्ये शतकभर टिकला, पण २००६ मध्ये त्याला एसेक्स सीनियर लीग या खालच्या स्पर्धेत जावे लागले. त्या सुमारास सामन्यांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे येत. शेजारचा पब तर २००४ मध्येच बंद पडला होता. सोळाव्या शतकातील भाग आजही शिल्लक असलेली ही संरक्षित वास्तू. आठव्या हेन्रीच्या शिकारी कुत्र्यांची जागा येथे होती, अशी आख्यायिका सांगतात.

खरी मेख जमिनीच्या मालकीत होती. सव्वाशे वर्षे क्लब त्या जमिनीवर खेळत आला, परंतु जमीन त्याची नव्हती. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर क्लब हा कूळ होता. जमिनीची मालकी मद्यनिर्मिती कंपनीकडे, भाडेपट्टा एका धर्मादाय संस्थेकडे आणि क्लबचा कारभार मोजक्या चालकांच्या हाती, अशी तीन ठिकाणी वाटणी झालेली होती. छताचा पत्रा उडाला तर तो कोणी बसवायचा, हा प्रश्न अशा वाटणीत कायम दुसऱ्याच्या दारात जातो. लंडनसारख्या शहरात घरांच्या मधोमध असलेल्या मोकळ्या जागेला बिल्डरच्या दृष्टीने येणारी किंमत वेगळीच. येथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर वेस्ट हॅम युनायटेडचे बोलिन ग्राउंड होते, सुमारे पस्तीस हजार प्रेक्षकांचे. २०१६ मध्ये वेस्ट हॅम ऑलिंपिक स्टेडियमवर गेला आणि एकशे बारा वर्षे वापरातले ते मैदान पाडून तेथे घरे उभी राहिली. बलाढ्य क्लबाचे मैदान असे गेले, तिथे ओल्ड स्पॉटेड डॉग वाचले हे नवलच.

ते वाचले ते प्रेक्षकांमुळे. २०१२ च्या सुमारास काही तरुण येथे नियमित येऊ लागले. मोठ्या क्लबांची महागडी तिकिटे नकोशी झालेली ही मंडळी फॅसिस्टविरोधी भूमिका उघडपणे मांडत, ढोल वाजवत, गाणी म्हणत. ते उभे राहत त्या बाजूला इमारतीच्या परांचीसाठी वापरतात तसल्या लोखंडी नळ्या जोडून त्यांवर छप्पर टाकलेले होते. त्याला सगळे ‘स्कॅफोल्ड’ म्हणत. त्या नळ्यांखाली पन्नासाचे शंभर आणि शंभराचे काहीशे झाले. पण क्लबच्या कारभारात या प्रेक्षकांना स्थान नव्हते आणि मैदानाचा भाडेपट्टा धारण करणारी धर्मादाय संस्था गुंडाळण्याच्या हालचालींमुळे मैदानाच्या भवितव्याची काळजी वाढली. २०१७ मध्ये त्यांनी घरच्या सामन्यांवर बहिष्कार टाकला. सामन्याच्या दिवशी ते येत, परंतु फाटकाबाहेरच थांबत.

२०१८ मध्ये या मंडळींनी आपलाच क्लब काढला. एक सभासद, एक मत, हा त्याचा पायाभूत नियम. मैदान नव्हते म्हणून वॉल्थमस्टो येथे भाड्याची जागा घेतली आणि तिला ‘स्ट्रे डॉग’ म्हणजे भटका कुत्रा असे नाव दिले. घर सुटलेल्यांनी स्वतःवरच केलेला हा विनोद होता. मिडलसेक्स काउंटी लीगच्या खालच्या पायरीवरून संघाने सुरुवात केली आणि पहिल्याच हंगामात आपला विभाग जिंकला. पुढच्या वर्षी महिलांचा संघही क्लबात सामील झाला.

याच काळात एका जर्सीने अनपेक्षित काम केले. बाहेरगावच्या सामन्यांसाठी सभासदांनी मतदानाने निवडलेली ही जर्सी स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या ध्वजाच्या लाल, पिवळ्या आणि जांभळ्या रंगांत होती. तिच्यावर आंतरराष्ट्रीय ब्रिगेडचा, म्हणजे स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढलेल्या परदेशी स्वयंसेवकांच्या दलाचा, तीन टोकांचा तारा होता आणि मानेमागे ‘नो पासारान’, म्हणजे ‘ते पुढे येऊ शकणार नाहीत’, ही घोषणा होती. १९३६ मध्ये केबल स्ट्रीटवर फॅसिस्टांचा मोर्चा अडवताना पूर्व लंडनने हीच घोषणा दिली होती, त्यामुळे ती येथे उसनी वाटत नाही. काहीशे जर्सी खपल्या तरी पुष्कळ, असा क्लबचा अंदाज होता. प्रत्यक्षात हजारोंनी मागण्या आल्या आणि त्यांतला मोठा भाग स्पेनमधून होता. क्लबच्या गंगाजळीला त्याचा चांगलाच आधार झाला.

मूळ क्लबचा मैदानावरचा ताबा २०१९ मध्ये गेला आणि पुढच्या वर्षी नव्या क्लबने हाइनकेन या मद्यनिर्मिती कंपनीकडून जमीन कायमच्या मालकीने घेतली. डागडुजी कोणासाठी आणि कोणाच्या हिशेबात करायची, हा प्रश्न तेव्हा प्रथमच निकाली निघाला. इंग्लंडमध्ये हौशी संघालाही वरच्या पायरीवर चढायचे असेल तर फक्त गोल करून भागत नाही. खेळपट्टीभोवती कायमचे कठडे, ठरावीक मापाच्या खोल्या, पंचांसाठी वेगळी सोय, प्रेक्षकांसाठी छप्पर आणि प्रकाशझोताचे खांब या सगळ्यांची तपासणी होते व त्यावर मैदानाला श्रेणी मिळते. म्हणून सभासदांनी सुट्टीच्या दिवशी येऊन झुडपे तोडणे, राडारोडा उचलणे, कठडे रंगवणे हे श्रमदान हौसेचे असले, तरी त्याचा संबंध संघ कोणत्या लीगमध्ये खेळणार याच्याशी थेट जोडलेला आहे. मैदानाला नाव देणारा पब मात्र त्या खरेदीत नव्हता. त्याचे मालक वेगळे आहेत.