पारा दिसला की चमकणारे जिवाणू

कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांकडून येताना सगळे चिमण्यांचा धूर पाहतात, मला मात्र राखेची जास्त काळजी वाटते. दगडी कोळशात आर्सेनिक, शिसं, पारा थोडं थोडं असतंच, कोळसा जळतो, पारा बराचसा वाफ होऊन उडतो अन् बाकीचे धातू मोठ्या प्रमाणात राखेत उरतात, मग ती राख पाण्यात भिजत पडली की त्यातलं काही हळूहळू पाण्यात उतरू शकतं. अन् धातू काही जंतू नाही, उकळून मरत नाही. उलट पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं.

प्यायच्या पाण्यात पाऱ्याची आपल्याकडची मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम आहे. म्हणजे गच्चीवरच्या 1000 लिटरच्या टाकीत फक्त 1 मिलिग्रॅम! ना रंग, ना वास, ना चव. एवढं कमी मोजायला महागडी मशीन लागते, ती चालवणारी शिकलेली माणसं लागतात. आपल्या नागपुरात नीरी ही पर्यावरणाची संशोधन संस्था आहे, 1958 पासून, पण खेड्यातल्या माणसानं विहिरीच्या पाण्यासाठी दरवेळी बाटली घेऊन शहर गाठायचं का?

म्हणून बायोसेन्सर हवेत. शुगर मोजायचं घरातलं मशीन म्हणजे बायोसेन्सरच, पट्टीवरचं एन्झाइम साखर ओळखतं अन् मशीन त्याचा आकडा दाखवते. धातूंसाठी पण असं करता येतं, युरिएज नावाचं एन्झाइम पाऱ्यानं मंदावतं, किती मंदावलं ते मोजायचं.

पण मला खरे भारी वाटतात ते जिवंत बॅक्टेरियावाले. काही जिवाणू पाऱ्यातही तग धरतात, कारण त्यांच्या डीएनएवर मेर-आर नावाचं एक प्रोटीन राखण करत बसलेलं असतं, पारा येऊन चिकटला की ते पारा बाहेर काढणारी जीन्स, म्हणजे जनुकं, चालू करतं. शास्त्रज्ञांनी काय केलं, तर त्या जीन्सच्या जागी समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंची जीन्स बसवली. आता पारा आत शिरला की जिवाणू उजेड देतो, जास्त पारा, जास्त उजेड.

यात एक गोष्ट अशी आहे जी महागडी मशीन सहसा सांगत नाही. मशीन पाण्यातला सगळा पारा मोजते, गाळाला घट्ट चिकटलेला पण. जिवाणू मात्र जिवंत पेशीत खरोखर शिरू शकतो तेवढाच पारा दाखवतो, अन् नदीतल्या जिवांना बाधणारा बहुतेक तोच असतो.

अडचणी आहेतच. जीन्स बदललेले जिवाणू नदीत सोडून चालत नाही, सुकवून बंद कुपीत ठेवावे लागतात. आर्सेनिक ओळखणारं प्रोटीन अँटिमनी या त्याच्यासारख्याच दुसऱ्या मूलद्रव्यालाही फसतं. अन् सगळ्यात वाईट म्हणजे पारा फारच जास्त असला तर जिवाणूच मरतात, उजेड जातो, वरून पाहणाऱ्याला वाटतं पाणी चांगलं आहे. म्हणून शेजारी कायम चमकणारे दुसरे जिवाणू ठेवतात. त्याच पाण्यात तेही विझले तर ते पाणी जहाल.